दंडावरचा पट्टा

मिलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सिद्रामप्पाच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला आणि रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. तीस वर्षं कापड विणणाऱ्या माणसाला आज कापडानंच धरलं होतं. प्रेशर जास्त निघालं तर बाप अनफिट ठरणार आणि त्याच्या जागी बेकार मुलगा मागावर कामाला लागणार, असा मिलचा रिवाज होता. प्रेशर चढावं म्हणून बायकोनं आठवडाभर वाढलेले खारट पापड त्यानं गुपचूप शेजारच्या शेळीला चारले होते. भिंतीपलीकडं माग खडखडत होते, त्याचा पाय ठेका धरत होता. “एकशेवीस, ऐंशी. ठणठणीत आहात,” डॉक्टर म्हणाले. सिद्रामप्पा खुलला. तेवढ्यात खिडकीतून मुलगा दिसला. इस्त्रीचा शर्ट घालून, बापाचाच जुना डबा घेऊन उभा होता. डॉक्टर पट्टा सोडू लागले. “परत बघा की, सायेब,” सिद्रामप्पा म्हणाला आणि श्वास कोंडून, मूठ आवळून बसला.