एसटीची पायरी

कराडच्या स्टँडवर साताऱ्याची एसटी लागली आणि प्रमिलाबाई काठी टेकत बाकावरून उठल्या. पडून खुबा मोडल्यापासून त्या एकट्या कुठे गेल्याच नव्हत्या. आज मात्र मुलगा कामावर जाताच त्या धाकट्या बहिणीकडे निघाल्या होत्या.

"आजी, हात देऊ का?" कंडक्टरने विचारलं.

"नको रे. माझी मी चढते."

दांडा धरून त्यांनी चांगला पाय पायरीवर ठेवला, मग ऑपरेशनचा पाय आणि काठी. गुडघा लटपटला, पण हात सुटला नाही. पुढच्या क्षणी त्या आत होत्या!

खिडकीशी बसताच त्यांनी मुलाला फोन लावला. "अरे, मी एसटीत बसलेय! मावशीकडे चाललेय."

"काय? सोबत कोण आहे?"

"कुणीसुद्धा नाही!" त्या इतक्या जोरात हसल्या, की पुढच्या बाकावरचे प्रवासी वळून बघू लागले.