मेंदीपलीकडे महाराज

“पलीकडं कोणी नाई नं, बाई?” मेंदी कापायच्या मशीनला बॅटरी लावायच्या आधी आदेशनं विचारलं.

ठमाबाई देवळापुढच्या मंडपात सडा टाकत होती. तिनं मानही वर केली नाही. “पलीकडं कोन जाते आता? महाराज असतात नं तिथी.”

आदेश थबकला. “आले काय महाराज? मले तं वाटलं, संध्याकाळी येतीन.”

“कालच आले. नाल्याच्या अंगानं. सकाळी आमच्या गोपालनं पाह्यलं, जांभळीखाली बसून होते. दुरूनच हात जोडले त्यानं अन् मागं फिरला.”

“काही बोलले?”

ठमाबाईला हसू आलं. “महाराज काय बोलतीन रे भाऊ! पाहत होते म्हणे त्याच्याकडं, बस.”

आदेशला ते पटलं. कीर्तनाच्या दिवशी महाराज मौन पाळतात, नारदाच्या गादीवर उभे राहिल्यावरच पहिला शब्द काढतात, हे त्यानं कोरपन्यात ऐकलं होतं.

“जेवनाचं कोन पाहते त्याइच्या?”

“त्याइचं तेच पाहतात. कोनाच्या भरवशावर नाई राहत.”

“मंग बरंच झालं. माह्या पोरीवर एकदा नजर पडू दे त्याइची.”

ठमाबाईनं बादली खाली टेकवली. “असं बोलू नये, भाऊ! पोरीले इथी मंडपातच बसव. अन् मशीन जास्त वेळ बंद नको ठेवजो. आवाज असू दे.”

पोरीचा महाराजांना उगाच त्रास नको, आणि काम लवकर उरकावं, असं बाईचं म्हणणं असावं. आदेशनं मान हलवली.

कोरपन्याच्या एका कॉलनीत तो बागकाम करायचा. इकडं, ब्रह्मपुरीपल्याडच्या या गावात, देवळाभोवतीची मेंदी माणसाच्या उंचीवर गेली होती. कीर्तनाच्या आधी ती कापायला त्याला बोलावलं होतं. निघताना बायकोनं, साधनानं, पोरीला सोबत दिलं.

मोनाली पहिलीत होती. मागच्या पावसाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला आणि बोलणंही गेलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गळा ठीक असल्याचं सांगितलं. पण हिवाळ्यात महाराजांचं कीर्तन कोरपन्यात झालं, तेव्हा नामाच्या गजरात तिचे ओठ हलले होते. साधनानं स्वतः पाहिलं होतं. आवाज काही आला नाही. पण आईचा जीव त्या हलत्या ओठांवर अडकला होता.

“मी बोलवल्याशिवाय इकडं यायचं नाई,” आदेशनं तिला बजावलं. मशीन चालू असताना लेकरू जवळ नको, हा त्याचा नियम होता. मोनालीनं मान डोलावली आणि मंडपाच्या खांबाला टेकून बसली.

आदेशनं मेंदीत हात घालून कुठं तार, कुठं पाखराचं घरटं आहे का ते पाहिलं. चष्मा चढवला, हातमोजे घातले, कानांवर झाकणं बसवली. मग दोन्ही हातांनी मशीन धरून पातं अंगापासून लांब ठेवत तो कापत निघाला. वरचा भाग झाला. बाजूही कापून झाली. पाला पलीकडं उडू नये म्हणून तो पातं आपल्याच बाजूला कलतं ठेवत होता. तिकडं साधू माणूस बसला होता.

जांभळीसमोर आल्यावर मशीन अडकलं. जुन्या कुंपणाची गंजलेली तार दातांत गुंतली होती. आदेशनं बटण सोडलं, बॅटरी काढून खिशात टाकली. बॅटरी काढल्याशिवाय पात्याला बोट लावायचं नाही. मग कानांवरची झाकणं उतरवली.

एकदम शांत झालं. पाखरू बोलत नव्हतं. फक्त लांब एक वानर खोकल्यासारखं ओरडत होतं, थांबत होतं, पुन्हा ओरडत होतं. मशीनला भ्यालं असेल, त्याला वाटलं.

मग भाताचा वास आला. नव्या तांदळाचा, गोडसर. त्यानं मंडपाकडं पाहिलं. चूल पेटलेली नव्हती. ठमाबाई हापशीवर गेली होती.

तार सोडवायला तो खाली वाकला आणि त्याला श्वास ऐकू आला. मेंदीच्या पलीकडून, अगदी जवळून. लांब, संथ. एवढा खोल श्वास त्यानं कुणाचा ऐकला नव्हता. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

मेंदीच्या बुडाशी, तार निघाली तिथं, एक खिंडार पडलं होतं. त्यातून जांभळीची सावली दिसत होती, आणि सावलीत भगवा रंग. पानांच्या सावल्या त्याच्यावर आडव्या पडल्या होत्या.

“महाराज,” तो हळूच म्हणाला, “माफी असावी. मशीनचा लय आवाज झाला.”

श्वास थांबला. पलीकडून कुणीतरी ऐकत होतं.

मौनातल्या माणसापुढं मोठ्यांनी जाऊ नये. पण लेकराला कोण रागावणार? संध्याकाळी गर्दीत पोर पायापर्यंत पोचलीच नसती. आदेशनं मशीन लांब नेऊन ठेवलं, पातं झाकलं आणि मोनालीला हातानं खुणावलं.

ती धावत आली.

“तिकडं महाराज हायेत, माय,” तो कानात म्हणाला. “हळूच जा. पायावर डोकं ठेव. भ्यायचं नाई.”

त्यानं दोन्ही हातांनी फांद्या वर धरल्या. मोनाली ओणवी झाली, गुडघ्यांवर पुढं सरकली आणि खिंडारातून पलीकडं गेली. तिच्या फ्रॉकला अडकलेली काडी त्यानं सोडवली. मग फांद्या सोडल्या, बूट काढले आणि डोळे मिटले.

वानर ओरडायचं थांबलं होतं.

“बाबा.”

आवाज बारीक होता, गंजल्यासारखा होता, पण तिचाच होता. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. साधनाला कसं सांगू, एवढंच त्याच्या मनात आलं.

“बोल, माय! बोल!”

“बाबा,” पलीकडून मोनाली म्हणाली, “वाघ.”