कोन अटकनं

गाणं तिसऱ्यांदा अडखळलं तसा भिकुबाईंचा चेहरा उतरला.

अमळनेरात जावयाचा कॉम्प्युटर क्लास. दुपारची पोरं घरी गेलेली. लग्नाच्या कॅसेटची जळगावहून सीडी करून आणली होती. पडद्यावर लेकीच्या, रत्नाच्या हळदीचा मांडव आणि मांडवात उभ्या भिकुबाई: "मन्ही लेक मो... मो... मोग..." चित्र थिजायचं, सूर तुटायचा, झटका खाऊन पुन्हा पुढे सरकायचा.

शेजारच्या खुर्चीत विहीण ताईबाई.

"देखा याहीनबाई, मी तव्हयच सांगं व्हतं. तुम्ही अटकन्यात."

हळदीला दोन्हीकडच्या बाया समोरासमोर गातात. जी अडली ती हरली. पिंपळनेरच्या आसपास तीस वर्षांत एकाही मांडवात भिकुबाई अडल्या नव्हत्या.

"मी नही अटकनू. मशीन अटकस."

"हां. मशीनले तोंड नही ना, नाव ठेवाले बरं पडस."

रत्ना मध्ये पडली नाही. क्लासातली सकाळची बायकांची बॅच आता तीच शिकवायची. तिने माऊस हाती घेतला. मागे उघडी राहिलेली कामं एकेक बंद केली, रंग कमी केले, पडदाभर पसरलेलं चित्र आवळत आवळत पोस्टकार्डाएवढं केलं.

"जुनं मशीन शे, माय," ती म्हणाली. "झेपस तितलंच काम सांगानं."

आणि गाणं वाहू लागलं.

"मन्ही लेक मोगरानी कयी, आंगन सोडी चालनी..."

चौदा कडवी, कुठे खळ नाही. एवढ्याशा मांडवात बोटभर भिकुबाई, कमरेवर हात, मान ताठ. खुर्चीतल्या भिकुबाईंचीही मान तशीच झाली. गाणं त्यांचंच होतं, पण नजर सारखी लेकीच्या हाताकडे जात होती. हळद फिटून वर्ष झालं नव्हतं, आणि तो हात त्या मशीनवर असा ठेवलेला, जसा आपल्या गाईच्या पाठीवर.

गाणं संपलं. आता उत्तर द्यायची पाळी ताईबाईंच्या बाजूची. पडद्यावरच्या ताईबाईंनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. आवाज नाही.

"हाई देख," खुर्चीतल्या ताईबाई सुनेला म्हणाल्या, "परत अटकनं तुन्हं मशीन."

रत्नाने पदर सावरला.

"नही, आत्याबाई," ती सासूला हळूच म्हणाली. "मांगे मांडवनी झालर हालस ना."