मागची डावी बाजू

मास्तरांच्या जुन्या गाडीची मागची डावी बाजू कायम दबलेली असायची. गाडी रिकामी असली तरी तिथे कुणी आडदांड माणूस ऐसपैस बसलाय, असंच वाटायचं. शेवटी सुट्टीच्या सकाळी मास्तरांनी कंबर कसली आणि दारातच जॅक लावून मागचे शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंगा, सगळं स्वतः बदललं.

जॅक काढल्यावर गाडी ताठ उभी राहिली. त्यांनी डिकीवर जोर देऊन पाहिला. गाडी एकदाच वर आली आणि जागच्या जागी थांबली.

"बघ, झाली की नाही नव्यासारखी!" त्यांनी खिडकीतून बायकोला ओरडून सांगितलं. ती आत सोफ्यावर चहा पीत बसली होती.

मास्तर हात पुसत होते, तेवढ्यात गाडीची डावी बाजू सावकाश खाली गेली.

त्यांनी मागचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं, पण सीट खोल दबलेली होती.

तरी जित्याची खोड, मास्तरांना थट्टा सुचलीच. "उतरा आता, साहेब. घर आलं."

गाडी झटकन वर उसळली.

मास्तरांनी वाकून सीट चाचपली. तेवढ्यात घरातून बायकोचा वैतागलेला आवाज आला.

"अहो, जरा हळू बसायला काय होतं? सांडला ना सगळा चहा!"