स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा

“ब्याऐंशी झालं,” बाप म्हणाला.

लेकीने मान वळवली नाही. स्क्रीनवर ती घोड्यावरून एका निळसर दरीत उतरत होती. तिथे बर्फ पडत होता आणि जमिनीला टेकायच्या आधीच विरून जात होता. बापाचं लक्ष ना दरीकडे होतं, ना घोड्याकडे. तो वरच्या कोपऱ्यातल्या हिरव्या आकड्याकडे बघत होता.

गेम खेळण्यासाठीचा हा कॉम्प्युटर नवाकोरा होता. मामाने एकेक भाग निवडून, भाचीला शेजारी बसवून तो जोडून दिला होता. पहिल्याच दिवशी त्याने हौसेने सगळ्या भागांचं तापमान स्क्रीनवर आणून दाखवलं आणि तिथेच घोळ झाला. बाकी सगळं ठीक होतं. मदरबोर्डवरची चिपसेट नावाची चिप तेवढी तापायची. सगळ्या भागांचे निरोप इकडून तिकडे पोचवायचे हे तिचं काम. आणि जागा अशी अवघड की वरच्या ग्राफिक्स कार्डाचा गरम श्वास थेट तिच्या अंगावर.

“दाजी, ती जरा तापटच असते,” मामाने फोनवर समजावलं होतं. “एवढं जिवाला लावून घेऊ नका.”

बापाने लावून घेतलंच.

तो बेकरीत कामाला होता. पहाटेची भट्टी उरकून घरी यायचा तेव्हा दुपार व्हायला आलेली असायची. पूर्वी जेवण झालं की पडदे ओढून तो ढाराढूर झोपायचा. आता खुर्ची ओढून लेकीच्या मागे बसायचा. त्याने टेबल भिंतीपासून लांब सरकवलं. कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावून पाहिला. धूळ तेवढी आत गेली. मग झाकण परत बसवलं आणि अधूनमधून त्याच्यावर तळहात ठेवून बघू लागला.

“स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी आठवत नाही यांना,” आई आतून म्हणायची, “आणि त्या खोक्याची नाडी बघत बसलेत!”

दुपार जड होत जायची. पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन भिंतीवर पाण्यासारखं हलायचं. कॅबिनेटमधली घरघर दूरच्या पावसासारखी वाटू लागायची आणि बापाचे डोळे मिटायचे. मग ती दरी खोलीत शिरायची. तो बर्फातून चालत असायचा, पायात बेकरीतल्याच पीठ लागलेल्या चपला. पुढे घोड्यावर पाठमोरं कुणीतरी. आभाळात हिरवा आकडा चंद्रासारखा टांगलेला, आणि तो चढत असायचा. बाप हाक मारायला तोंड उघडायचा. नुसती वाफ निघायची. घोडा थांबायचा नाही.

दचकून जाग आली की तो आधी कोपऱ्यात बघायचा.

“किती?”

“आहे तेवढंच आहे, बाबा. झोप तू.”

शेवटी सुट्टीच्या दिवशी मामा स्वतः आला. त्याने ग्राफिक्स कार्ड काढून खालच्या खाचेत बसवलं, म्हणजे चिपवरच्या इवल्याशा पंख्याला मोकळी हवा मिळेल. तो पंखा लवकर फिरायला लागेल अशी सेटिंग केली. समोरून गार हवा आत ओढणारा आणखी एक पंखा जोडला. मग सगळे चहाचे कप घेऊन स्क्रीनसमोर बसले आणि लेकीने घोडा दरीत सोडला.

आकडा चढला, रेंगाळला आणि चौसष्टवर थांबला.

“आता तुमच्या भट्टीत ठेवलीत तरी तापायची नाही!” मामा म्हणाला. सगळे हसले. “सुटलो बाई एकदाचे,” म्हणत आई कप घेऊन आत गेली. थोड्या वेळाने मामाही निघाला.

बाप खुर्चीतून उठला नाही.

संध्याकाळ खोलीत उतरत होती. चौसष्ट. त्रेसष्ट. पुन्हा चौसष्ट. त्याने कॅबिनेटवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. झाकण जेमतेम कोमट होतं. आकडा वर चढत नव्हता, तरी त्याची नजर काही कोपऱ्यातून हलेना. आता आपण कशाची वाट बघतोय, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

लेकीने मधेच घोडा थांबवला आणि खुर्ची फिरवून ती त्याच्यासमोर बसली. तिचे केस आता कुठे कानापर्यंत वाढले होते. मावळत्या उजेडात ते पिसांसारखे हलके दिसत होते.

“बाबा, त्याला काय विचारतोस सारखं? मला विचार ना.”

“अगं, मी आपलं सहज...”

तिने कॅबिनेटवरचा त्याचा हात उचलला. तो मागे घ्यायला गेला. तिने सोडला नाही. त्याचा तळहात आपल्या कपाळावर टेकवला आणि वरून स्वतःच्या हाताने दाबून धरला.

“बघ. आहे का काही?”

स्क्रीनवर बर्फ पडतच होता. बापाने श्वास रोखला. कपाळाला ताप नव्हता. खेळून दमलेल्या कुठल्याही पोरीचं असावं तसं ते कपाळ होतं, जरासं ओलसर, शांत.

दवाखान्यातून तिला घरी आणल्यापासून त्या कपाळाला हात लावायची त्याची छातीच झाली नव्हती.