ब्रदरचा दोर

मुळशी खोऱ्यात पोरांना शिकवता शिकवता मेलेल्या मिशनशाळेच्या ब्रदरला संत ठरवायचं, म्हणून पुण्याहून फादर साक्षी लिहून घ्यायला आले. "त्येंनी हात ठेवला अन् माज्या पोराचा ताप उतरला," पाटील सगळ्यांआधी बोलला. महारवाड्यातली धोंडाबाई उठली. शाळेत तिची पोरं सगळ्यांच्याच माठातलं पाणी पितात, म्हणून ह्याच पाटलानं ब्रदरचा पाणी शेंदायचा दोर कापून त्याला विहीर बंद केली होती. मग ओढ्याचं गढूळ पाणी पिऊन ब्रदर हगवणीनं मेला. तो तुटका दोर तिनं नऊ वर्षं जपला होता. तो तिनं फादरपुढं टाकला. "हा ब्रदरच्या हातातला?" फादरांनी विचारलं. "व्हय. पर त्यो कापला कुनी, त्ये बी लिवा." फादरांनी ते लिहिलं नाही. "ही संताची वस्तू आहे, बाई," म्हणत त्यांनी दोर ओठांना लावला आणि रेशमी कापडात गुंडाळून पाटलाच्याच हाती जपायला दिला.