तिघांच्या पायांत चपला

२००३ साली नाशिकमधली आमची अख्खी सोसायटी दर मंगळवारी पोलिसांवरची एक विनोदी मालिका बघायची. खऱ्या चौकीत कॅमेरा नेल्यासारखं सगळं दाखवायचे आणि पोलीस नुसते धडपडायचे. त्यामुळे येवल्याला लग्नाला गेलेल्या गायधनींचं कुलूप तीन वर्दीवाले कॅमेऱ्यासमोर तोडू लागले, तेव्हा जिन्यात हसायला गर्दी झाली. त्यांच्या हातून टीव्ही निसटला, तोही आमच्याच लोकांनी झेलून टेम्पोत चढवून दिला. मला मात्र खटकलं. तिघांच्याही पायांत चपला होत्या. मी तडक पोलीस चौकीत जाऊन सगळं सांगितलं.

हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं, टोपी सरळ केली आणि माझ्या पर्सकडे बघत हळूच विचारलं, "कॅमेरा यात आहे का, ताई?"